गोमंतकीय जॅझ वादक: उपजीविका आणि कला

मुंबईच्या जॅझ संगीताच्या इतिहासात गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचे स्थान मोठे आहे. यांतील बरेच जण पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गेले. पैशासाठी त्यांनी आपली कला सोडली, असे काही रसिक म्हणतात. हा आरोप कितपत खरा, हे या नोंदीत आम्ही तपासत आहोत.

पार्श्वभूमी

पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून गावोगावच्या मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. गावात या विद्येवर पोट भरणे कठीण होते, म्हणून वादक मुंबई, कलकत्ता, लाहोर येथे गेले. १९३५ मध्ये अमेरिकन वादक लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. अशा वादकांच्या सहवासात गोमंतकीयांनी जॅझ आत्मसात केला. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेटवर इतके गाजले, की ‘चिक चॉकलेट’ हेच त्यांचे नाव झाले.

चित्रपटाकडे वळण

स्वातंत्र्यानंतर संस्थानिक आणि युरोपीय आश्रयदाते कमी झाले. १९५० च्या सुमारास मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि नाचगाण्याच्या जागांचे उत्पन्न घटले. त्याच काळात चित्रपटांतले वाद्यवृंद मोठे होत होते. अनेक संगीतकारांना पाश्चात्त्य स्वरलेखन येत नसे. त्यांची चाल कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहिणारा माणूस लागे, आणि गोमंतकीयांना ते येत होते.

चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले. ‘अलबेला’ (१९५१) मधला स्विंगचा ठेका आजही कानात राहतो. लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालवणारे सेबेस्तियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईत आले आणि शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांचे संगीत-संयोजक झाले.

काय मिळाले, काय गेले

चित्रपटाने नियमित काम दिले, मुलांची शिक्षणे झाली. पण जॅझचा प्राण असलेल्या उत्स्फूर्त वादनाला तिथे वाव थोडा होता. लिहिलेले तेवढेच वाजवायचे. त्याहून मोठा तोटा नावाचा. श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव येई, संयोजक आणि वादक बहुधा अनामिक राहत.

वेगळ्या वाटा

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस चित्रपटात व्यग्र होते. तरीही १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा करून रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घातला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. मडगावचे ख्रिस पेरी यांनी लोर्ना यांच्या आवाजात जॅझच्या अंगाने कोंकणी गाणी केली. ती लोकप्रियही झाली आणि त्यांची स्वतःचीही राहिली. ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर राग आणि जॅझ एकत्र आणले. गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा लंडनला गेले आणि १९६९ मध्ये जो हॅरियट यांच्यासह ‘हम दोनों’ ही ध्वनिमुद्रिका केली.

आमचे मत

गायकाने नाटकात गावे की मैफलीतच राहावे, ही चर्चा गोव्याच्या मराठी घरांना नवी नाही. नाटकाने पोट भरले आणि रागसंगीत घराघरात नेले. जॅझ वादकांचेही तसेच झाले. चित्रपटात त्यांचे स्वातंत्र्य आकसले हे खरे; पण ब्रास, स्विंग आणि स्वरमेळ यांची ओळख लाखो श्रोत्यांना त्यांच्यामुळेच झाली. म्हणून चित्रपटात गेल्याचा दोष आम्ही वादकांना देत नाही. खरा अन्याय झाला तो त्यांचे नाव न लिहिण्याचा.

तो काही अंशी अजूनही भरून काढता येईल. घरातल्या जुन्या पेटीत एखाद्या वादकाच्या स्वरलेखनाच्या वह्या, करारपत्रे किंवा छायाचित्रे असतील तर ती रद्दीत देऊ नयेत. त्यांवर नाव, गाव आणि वाद्य लिहून ठेवावे.