गोणपाट, नळ आणि वेगळी शाळा

शाळेचा इतिहास लिहिणारे बहुधा अहवालांवर विसंबतात. किती शाळा उघडल्या, पटावर किती मुले होती, अनुदान किती मिळाले, हे सारे त्यांत सापडते. वर्गात मूल कोठे बसले आणि तहान लागल्यावर त्याने काय केले, एवढे मात्र अहवाल सांगत नाहीत. ते सांगण्याचे काम आपल्याकडे आत्मकथनांनी केले, आणि त्यांतील महत्त्वाची काही नागपूरशी जोडलेली आहेत. या लिखाणाला 'दलित साहित्य' या खणात ठेवून परीक्षेपुरते वाचण्याची जी सवय आपल्या विभागांना लागली आहे, तीमुळे प्राथमिक शाळेच्या इतिहासाचे साधन म्हणून त्याकडे पाहणे राहून गेले, असे आम्हांस वाटते.

आरंभ साताऱ्यापासून करावा लागतो. 1935-36 च्या सुमारास डॉ. आंबेडकरांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. त्यांच्या हयातीत त्या प्रसिद्ध झाल्या नाहीत. पुढे नागपूरच्याच वसंत मून यांनी संपादिलेल्या समग्र वाङ्मयाच्या बाराव्या खंडात, 1993 साली, त्यांचा समावेश झाला. त्यांत शाळेविषयी जे आहे ते अगदी थोडके आहे. वर्गात कोपऱ्यात वेगळे बसायचे, तेही स्वतःच्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावणार नाही, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. इतर मुले नळावर जाऊन पाणी पीत. याने मात्र आधी मास्तरांची परवानगी घ्यायची आणि मग कोणा स्पृश्याने, म्हणजे बहुधा शिपायाने, नळ सोडायचा. शिपाई जागेवर नसला की पाणी नाही.

या आठवणींतील शाळेत आम्हांस खलपुरुष सापडला नाही. मास्तर अंगावर धावून येत नाहीत आणि शिपाईही त्याच्या समजुतीप्रमाणे आपले काम करतो. वर्गातला दांडगट मुलगा मूल घरी येऊन सांगू शकते; त्याला नाव असते. येथे तक्रार करावी तर कोणाची? छळ शाळेच्या वेळापत्रकातच बसवलेला आहे, घंटेइतकाच नियमित. निवेदनाचा स्वर इतका कोरडा का, याचे एक कारण आम्हांला येथे दिसते.

यावर उपाय कोणता, याबद्दल त्या काळी एकमत नव्हते. राजर्षी शाहूंनी 1919 मध्ये कोल्हापुरात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसविण्याचा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी, मे अखेरीस, नागपुरात भरलेल्या बहिष्कृत समाजाच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. आणि याच नागपुरात 1922 साली जाईबाई चौधरींनी संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची वेगळी शाळा काढली. एकाने वेगळी शाळा मोडली, दुसरीने उभारली. वरवर पाहता हा विरोध आहे. पण शाहूंच्या हाती हुकूम होता; जाईबाईंजवळ स्वतःच्या अनुभवाखेरीज काय होते?

तो अनुभव ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकामुळे आपल्यापर्यंत आला. जाईबाईंचा जन्म 1892 मध्ये उमरेडचा. नागपुरात त्यांनी ओझी वाहण्याची हमाली केली. एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिकून त्या शिक्षिका झाल्या. परंतु अस्पृश्य बाई शिकवते हे कळताच वरच्या जातींच्या लोकांनी विरोध केला आणि ती नोकरी गेली. म्हणजे गोणपाटाची व्यवस्था विद्यार्थ्यापुरती नव्हती, खुर्चीवर बसलेल्या बाईंपर्यंतही ती पोहोचत होती. अशा स्थितीत एकत्र शाळेची वाट पाहत बसणे म्हणजे मुलींची एक पिढी घरी बसविणे. किसन फागोजी बनसोडे यांनीही नागपुरात याच कारणाने शाळा काढली होती.

त्या शाळेने काय दिले, हे कौसल्या बैसंत्री यांच्या 'दोहरा अभिशाप' (1999) या हिंदी आत्मकथनात वाचावे. 1926 साली जन्मलेली, एम्प्रेस मिलमध्ये राबणाऱ्या आईबापांची ही मुलगी आधी जाईबाईंच्या शाळेत गेली. तेथे जात लपवायचे कारण नव्हते. पुढे शहरातील वरच्या जातींच्या मुलींच्या शाळेत गेल्यावर जात कळेल ही धास्ती सुरू झाली. तेथे अपमान प्रत्यक्ष होण्याचीही गरज नव्हती. तो होईल या भीतीने मूल स्वतःच कोपरा शोधते. गोणपाट दिसत नव्हते, इतकेच.

सगळेच वर्ग असे होते असे मात्र नाही. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (1981) मधले गोखले गुरुजी आठवावेत. पेहरावाने जुन्या वळणाचे, त्यामुळे मुलीला त्यांची भीती. आणि संस्कृत शिकवताना मात्र त्यांच्या मनात भेद नाही. पण एका गुरुजींच्या भलेपणावर शाळा चालावी लागते, यातच तिची लबाडी उघडी पडते.

जाईबाईंची गोष्ट शाळेपाशी संपत नाही. डिसेंबर 1937 मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तीत त्या गेल्या होत्या. जेवणाच्या वेळी त्यांना वेगळे बसविण्यात आले. तेव्हा त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि शाळा काढूनही पंधरा वर्षे झाली होती. 1 जानेवारी 1938 रोजी नागपुरातील दलित स्त्रियांनी या वागणुकीच्या निषेधार्थ सभा भरविली.