चित्र आल्यावर सांगा: ऑनलोडची कुळकथा

मार्क अँड्रीसनने आयएमजी टॅग सुचवला तो फेब्रुवारी १९९३ मध्ये. त्याच्या मोझेक ब्राउझरात सगळी चित्रं उतरेपर्यंत पान दिसत नसे. पुढच्याच वर्षी नेटस्केपने मजकूर आधी दाखवला आणि चित्रं मागाहून भरली. २८.८ किलोबिटच्या मोडेमवर ३० किलोबाइटचं चित्र यायला आठेक सेकंद लागत, तेव्हा ही सोय मोठीच होती.

ऑगस्ट १९९६ च्या नेटस्केप ३ मध्ये जावास्क्रिप्टला 'न्यू इमेज' मिळालं. त्याचं लाडकं काम अगदी चिल्लर: माउस नेला की बटणाचं चित्र बदलायचं. त्यासाठी दुसरं चित्र आधीच मागवून ठेवावं लागे. जावास्क्रिप्टचा धागा एकच. ती वाट बघत बसली तर पानच गोठणार. म्हणून ऑनलोड, ऑनएरर आणि ऑनअबॉर्ट हे निरोपे आले: चित्र आलं, फसलं किंवा मध्येच थांबवलं तर अमुक फंक्शन चालव.

खरी गंमत पुढे आहे. काही जुन्या ब्राउझरांत चित्र कॅशमध्ये असलं की एसआरसी (चित्राचा पत्ता) देताक्षणीच ते 'आलं' म्हणून मोकळे होत, आणि खालच्या ओळीत लावलेल्या ऑनलोडला काही कळतच नसे. म्हणून 'आधी ऑनलोड, मग एसआरसी' हा दंडक पडला. आजच्या ब्राउझरांत निरोप रांगेत लागतो, चालू कोड संपल्यावरच येतो. तरी जुनी मंडळी क्रम मोडत नाहीत, आणि बरंच करतात.

दुसरा सापळा लूपचा. 'व्हार आय' शून्यापासून नवापर्यंत फिरवून दहा चित्रं मागवली, तर ती येईपर्यंत 'आय' दहावर पोचलेला असतो आणि दहाही निरोपे तोच आकडा सांगतात. त्यावर फंक्शनात फंक्शन गुंडाळायचा द्राविडी प्राणायाम वर्षानुवर्षं चालला. २०१५ मध्ये 'लेट'ने तो संपवला. प्रॉमिसही त्याच वर्षी भाषेत आलं. पुढे ब्राउझरांनी चित्रालाच 'डिकोड' ही मेथड दिली. ती प्रॉमिस परत करते, त्यामुळे 'अवेट' लिहून सरळ खालची ओळ लिहिता येते.

कॅनव्हासवर मात्र घाई अजून नडते. चित्र यायच्या आत 'ड्रॉइमेज' म्हटलं, तर काहीच उमटत नाही आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. कोरा कॅनव्हास दिसला, तर आधी तिथेच बघा.