दोनशे व्होल्ट डिकीच्या अलीकडे, मामा रस्त्यावर

शनिवार, रात्री ९.४०. उद्या भाचीचं लग्न, वाईला, मुहूर्त १०.५०चा. नवरीचा मामा मी. अंतरपाट, मुंडावळ्या, शालू, सगळं साताऱ्यातच गाडीत भरलं. डिकी लोटली, ती नीट बसली नाही. आतला पाच वॅटचा दिवा जळत राहिला.

रात्री ११. किल्ली दाराशेजारच्या खुंटीला, भिंतीपलीकडे गाडी. बटणाच्या गाडीची ही किल्ली जवळ असली की गाडीही अर्धवट जागी राहते. दोघींच्या गप्पांचा भुर्दंड पाच वर्षं जुन्या बारा व्होल्टच्या बॅटरीला.

पहाटे कधीतरी. पाच वॅट म्हणजे अर्ध्या अँपिअरहून कमी. नव्या बॅटरीने मनावरही घेतलं नसतं. आमची म्हातारी बसली.

सकाळी ६.०५. डिकी किलकिली दिसली. चोरीला काही गेलं नाही म्हणून देवाचे आभार मानले आणि ती धप्पकन लावली.

६.१०. ब्रेकवर पाय, बटण दाबलं. डॅशबोर्ड मिणमिणला, टक-टक-टक झालं, अंधार. 'रेडी'चा दिवा नाहीच.

आता यातली गंमत बघा. मागच्या सीटच्या पाठीला सुमारे दोनशे व्होल्टची मोठी बॅटरी, भरलेली. हायब्रीडचं इंजिन तीच फिरवते. वेगळा स्टार्टर नाही. पण तिचे रिले जोडायचे आणि संगणक जागे करायचे ते डिकीतल्या छोट्या बॅटरीने. कोठार भरलेलं, कोठीवाला झोपलेला. आणि डिकीचं कुलूप विजेवर! म्हणजे बॅटरी डिकीत, आणि डिकी उघडायला बॅटरी हवी. मोठ्या बॅटरीमुळे सीटही दुमडत नाही.

६.३० ते ७.३०. शेजारचे अण्णा म्हणाले, "धक्का मारू." या गाडीला धक्क्याने काही होत नाही, हे त्यांना पटवण्यात तास गेला.

७.४०. मेकॅनिकला फोन. "हॉर्न वाजवा." हॉर्न कण्हला. "बारा व्होल्ट बसलीय, साहेब. बोनेटखाली फ्यूज बॉक्समध्ये लाल टोपण आहे, तिथे जंपरचा प्लस. मायनस बॉडीला. नारिंगी वायरींना हात लावू नका." दोन मिनिटांचं काम होतं. खरंच होतं.

८.१५. अण्णांचा टेंपो आणला. त्याच्या बॅटरीवर हिरवट क्षार चढलेला, प्लस-मायनसच्या खुणा पुसलेल्या. जंपरच्या दोन्ही केबली काळ्या. अण्णा म्हणाले, "डावीकडचा प्लस. माझा टेंपो आहे, मला माहीत नाही?" मी पुसून बघितलं नाही. मुहूर्ताची घाई होती.

८.२२. चट्ट! ठिणगी, जळका वास. टेंपोचा प्लस उजवीकडचा होता. फ्यूज बॉक्समधली जाड पट्टी वितळली. त्यामागे आणखी काय काय गेलं, ते वर्कशॉपच सांगणार होतं.

९.३०. मेकॅनिक आला. त्याने आधी फ्यूज बघितला, मग माझ्याकडे. अर्धा तास डिकीशी झटला. उघडली नाही.

१०.०५. मामा निघाला. अण्णांच्या टेंपोतून, तो मात्र एका सेल्फला चालू झाला.

१०.५०. पाचवड फाटा. फोनवरून मंगलाष्टकं ऐकू येत होती. भाचीला धाकट्या मामाने आणलं होतं, आणि मध्ये कुणाचं तरी उपरणं धरलं होतं.