मायक्रॉनच्या मागे धावणारा कायदा: कॅरीबॅगची गोष्ट

आजचा भाग कॅरीबॅगवर आहे. ती आपल्या घरात आली कधी, तिला घालवायचे प्रयत्न कधीपासून चालू आहेत आणि तरी ती दर वेळी परत कशी येते, असा सगळा प्रवास बघणार आहोत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, सगळे नाही.

विषय का निवडला, ते आधी सांगतो. डोंबिवलीत आमच्या सोसायटीजवळ भाजीची एक गल्ली आहे. तिथे आम्ही काही शेजारी, बायकांचा एक बचत गट आणि गाडीवाले मिळून कॅरीबॅग कमी करायचा प्रयत्न करतोय. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक सवय असते. जुन्या कोडला हात लावायच्या आधी त्याचा इतिहास बघायचा, कुणी काय बदललं आणि का बदललं ते वाचायचं. म्हटलं, कॅरीबॅगचाही असा इतिहास काढून बघू. तो बघताना एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. आपल्या कायद्याने पिशवीला वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला: तू किती जाड आहेस?

पिशवीच्या आधी काय होतं?

माझ्या आजोबांचं कोकणात छोटं किराणा दुकान होतं. साखर, डाळ, चहापत्ती, सगळं रद्दीच्या कागदाच्या पुडीत. वर टांगलेल्या रिळाचा दोरा खाली ओढायचा, पुडीला दोन वेढे मारायचे आणि झटक्यात तोडायचा. तेलाला गिऱ्हाईक घरून बरणी आणायचं. फुलवाला गजरा पानात बांधून द्यायचा. मुंबईत आरेच्या दूध केंद्रावर काचेच्या बाटल्या असायच्या, रिकामी दिली की भरलेली मिळायची.

हे सगळं लोक पर्यावरणासाठी करत होते का? अजिबात नाही. बाटली महाग होती म्हणून परत द्यावी लागायची. पिशवी दुकानदार देत नव्हता म्हणून घरून न्यावी लागायची. बाजाराला निघालेल्या माणसाच्या हातात पिशवी असणं हे चपला घालण्याइतकं साधं होतं. तो काळ फार सोन्याचा होता असं मला म्हणायचं नाही. पावसात पुडी भिजायची, साखरेला मुंग्या लागायच्या, आणि बरणी फुटली की घरी बोलणी बसायची. प्लास्टिक आलं तेव्हा लोकांना हायसं वाटलं, ते काही उगाच नाही.

स्वीडनहून आलेला झबला

पॉलिथीन सापडलं ते चुकून. १९३३ साली इंग्लंडमध्ये नॉर्थविच इथे, आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत, एक प्रयोग फसला आणि भांड्यात पांढरा मेणासारखा पदार्थ उरला. त्यानंतर तीस-एक वर्षांनी स्वीडनमधल्या नॉरशॉपिंग गावच्या सेलोप्लास्ट कंपनीतले इंजिनिअर स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी आज आपण वापरतो तशी पिशवी बनवली. प्लास्टिकची नळी सपाट करायची, दोन टोकं वितळवून चिकटवायची आणि वरून तुकडा कापून कान काढायचे. शिलाई नाही, वेगळा बंद नाही. १९६५ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. तिकडे तिला टी-शर्ट बॅग म्हणतात. आपल्याकडे व्यापारी म्हणतात झबला. दोन्हीकडच्या लोकांना ती बघून अंगात घालायचा कपडाच आठवला!

थुलिन यांच्या मुलाने पुढे सांगितलं की वडील स्वतः पिशवी घडी करून खिशात ठेवायचे. ती पुन्हा पुन्हा वापरली जाईल हे त्यांनी गृहीत धरलं होतं. मग ती एकदाच वापरायची वस्तू कशी झाली? उत्तर किमतीत आहे. ती इतकी स्वस्त झाली की दुकानदाराला फुकट वाटणं परवडायला लागलं, आणि फुकटची वस्तू कोण घडी करून ठेवतो?

आपल्याकडे १९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात पेट्रोकेमिकलचे कारखाने उभे राहिले, पण गल्लीबोळात कॅरीबॅगचा सुळसुळाट झाला तो १९९० च्या दशकात. माझ्या पिढीने पिशवीशिवायचा बाजार पाहिलेलाच नाही.

२० पासून १२० पर्यंत

आता कायद्याकडे येऊ. १९९९ मध्ये केंद्र सरकारने नियम केले: कॅरीबॅग किमान २० मायक्रॉन जाड हवी. २०११ मध्ये ते ४० झाले, २०१६ मध्ये ५०. सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. अकरावीत फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला स्क्रू गेज वापरलेलं आठवतंय का? त्याचं लघुतम माप ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन. म्हणजे २० मायक्रॉनची पिशवी त्या यंत्रावर जेमतेम दोन रेघा दाखवणार. आणि ४० की ५०, हा फरक एका रेघेचा. भाजीवाल्या मावशींनी तो बोटांनी ओळखायचा? कोडमध्ये आपण तपासणी कुठे लावतो? जिथे माहिती आत येते तिथे. इथे पिशवी कारखान्यात बनते, पण दंडाची पावती फाटते गाडीवर, आणि तिथे मोजायला कुणाकडेच काही नसतं.

जाडीमागचा विचार मात्र चुकीचा नव्हता. आपण गणित करून बघू. आठ बाय बारा इंचांची पिशवी धरा, दोन थर. २० मायक्रॉनची असेल तर वजन सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोला साडेचारशे पिशव्या. कचरावेचक बाईने एक किलो भरायला साडेचारशे वेळा वाकायचं, तेही चिखलाने माखलेल्या पिशवीसाठी. साहजिकच ती उचलली जात नाही आणि गटारात राहते. ५० मायक्रॉनला किलोमध्ये १८० पिशव्या बसतात, १२० ला साधारण ७५. जाड पिशवी गोळा करणं परवडतं, दुकानदाराला ती महाग पडते, म्हणून तो कमी देईल, असा हिशोब. पण ती तरीही फुकटच मिळत राहिली आणि एका फेरीत फेकली गेली, तर? तर त्याच एका पिशवीमागे आपण सहापट प्लास्टिक वापरलं.

पूर आणि पिशवी

महाराष्ट्राची कहाणी इथे थोडी वेगळी होते. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच सुमाराला समुद्राला भरती होती आणि मिठी नदी आधीच आक्रसलेली होती. तुंबलेल्या गटारांमधून प्लास्टिक निघालं. पूर काही फक्त पिशव्यांमुळे आला नाही. पण लोकांच्या मनात पिशवी आणि पूर यांची गाठ पक्की बसली. हाच अनुभव ढाक्याने आधी घेतला होता. १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत तिथले नाले पिशव्यांनी तुंबले होते, आणि २००२ मध्ये बांगलादेश पातळ पिशव्यांवर देशभर बंदी घालणारा जगातला पहिला देश ठरला.

२००६ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचे नियम केले आणि जाडीची अट ५० मायक्रॉन ठेवली. ही अट केंद्रापेक्षा कडक होती. पण देशात तेव्हा २० मायक्रॉन चालत होतं! राज्याच्या सीमेपलीकडे जी पिशवी कायदेशीर, ती ट्रकमध्ये बसून इकडे आली की बेकायदेशीर. अशी सीमा कितीशी टिकणार?

किमतीचा धागा

याच काळात आयर्लंडने दुसराच प्रश्न विचारला. ४ मार्च २००२ पासून तिथे दुकानातल्या प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर लागला. जाडीची भानगडच नाही. माणशी वर्षाला ३२८ पिशव्या वापरल्या जायच्या, त्या २१ वर आल्या. पुढे आकडा थोडा चढायला लागला, तेव्हा २००७ मध्ये कर २२ सेंट केला. आयर्लंडमध्ये दुकानात गल्ला असतो, पावती असते, म्हणून कर वसूल होतो. आपल्या गाडीवर यातलं काहीच नसतं, हे मान्य. तरी पिशवीला किंमत लावली की हात थांबतो, एवढं त्यातून दिसतं.

गंमत म्हणजे, आपल्या नियमांतही हे होतं. २०११ च्या नियमांत लिहिलं होतं की कॅरीबॅग फुकट द्यायची नाही, किंमत स्थानिक पालिकेने ठरवायची. २०१६ च्या नियमांत कॅरीबॅग देणाऱ्या दुकानदाराने नोंदणी करून पालिकेला महिन्याला किमान ४,००० रुपये द्यायचे होते. मोठ्या दुकानाला ठीक, पण गाडीवाला कुठून देणार? मार्च २०१८ च्या दुरुस्तीत ते कलमच काढून टाकलं. जाडीची अट राहिली, किमतीची गेली.

२०१८ ची बंदी

त्याच मार्च महिन्यात, २३ तारखेला, महाराष्ट्राने सरसकट बंदीची अधिसूचना काढली. कॅरीबॅग कितीही जाड असो, बंद. तीन महिन्यांची मुदत दिली आणि २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्यांदा ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा खरंच लोकांच्या हातात कापडी पिशव्या दिसायला लागल्या होत्या. मायक्रॉनचा प्रश्न पहिल्यांदा बाजूला पडला, कारण 'प्लास्टिक आहे की नाही' हे कुणालाही डोळ्यांनी कळतं.

मग काय झालं? जूनअखेरीस किराणा दुकानदारांना ५० मायक्रॉनवरच्या पॅकिंगची सवलत मिळाली, म्हणजे मायक्रॉन मागच्या दाराने परत आला. शिवाय बाजारात ती रंगीबेरंगी, कापडासारखी दिसणारी पिशवी पसरली. आपण तिला कापडी म्हणतो, पण ती असते पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. आणि हळूहळू पातळ झबलाही गाडीखालच्या गोणीत परत आला.

त्या अधिसूचनेत एक फार शहाणी गोष्ट होती. दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परतावा छापायचा आणि रिकामी पिशवी दिली की ते पैसे द्यायचे. ही तर आरेची काचेची बाटलीच, नव्या रूपात! पण रिकाम्या पिशव्या घ्यायच्या कुणी, धुवायच्या कुणी, साठवायच्या कुठे, यावर घोडं अडलं आणि योजना रुळली नाही.

आमच्या गल्लीत

आता परत डोंबिवलीत. आम्ही सुरुवातीला प्रत्येक गाडीवर जाऊन विचारलं, तुम्ही पिशवी का देता? एका मावशींनी जे सांगितलं त्याने आमची सगळी दिशा ठरली. "दादा, मला काय हौस आहे का? पिशव्यांचे पैसे माझ्याच खिशातून जातात. पण मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जातं. दंड झाला तर चार दिवसांची कमाई जाईल, आणि गिऱ्हाईक गेलं तर रोजचीच."

म्हणजे पिशवी कुणालाच द्यायची नाहीये, फक्त एकट्याने थांबायची हिंमत कुणाला नाही. म्हणून ठरवलं, थांबायचं तर सगळ्या गल्लीने एकाच दिवशी. आणि 'नाही' म्हणायच्या आधी हातात दुसरं काहीतरी हवं. बचत गटातल्या काकू जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवतात. गाडीवर त्या दहा रुपये अनामत ठेवून मिळतात. गल्लीतल्या कुठल्याही गाडीवर परत दिली की दहा रुपये परत. 'कुठल्याही' हा शब्द महत्त्वाचा, कारण सगळ्यांनी एकत्र राहावं लागतं ते त्यामुळेच. आठवड्याच्या शेवटी गाड्यांचा आपसांतला हिशोब जुळवायला मी एक साधी शीट बनवली आहे. इंजिनिअरिंगचा उपयोग झाला तो एवढाच.

सगळं सुरळीत चाललंय असं नाही. मासळीचं गणित अजून सुटलेलं नाही. ओल्या कोळंबीला साडीची पिशवी चालत नाही, आणि डबा घेऊन येणारी गिऱ्हाइकं बहुतेक वयस्कर. पिशव्या धुवायचं काम आपोआप बायकांवर येऊन पडलं, त्यावर आमच्या बैठकीत चांगलंच वाजलं. आता धुण्याचे पैसे गटाला वेगळे देतो, आणि ते सगळ्या सोसायट्या मिळून भरतात. ते पैसे भरणं थांबलं तर गाडीखालची गोणी पुन्हा उघडायला एक सकाळ पुरेशी आहे, हे आम्हाला माहीत आहे.

तुमच्या भागात असं काही करायचं मनात असेल तर इतिहासातून घेण्यासारखं इतकंच सांगेन. पिशवी किती जाड आहे यावर वाद घालत बसू नका. ती कुणाच्या खिशातून जाते आणि परत कुणाकडे येते, हे दोन प्रश्न आधी गाडीवाल्यांना विचारा. आणि हो, कपाटात पडून असलेल्या साड्या असतील तर जवळच्या बचत गटाला विचारून बघा. सुती आणि जाड असेल तर उत्तम, शिफॉन मात्र नको, कांदे-बटाट्याचं वजन ती पेलत नाही.

पुढच्या भागात भेटूच. तोवर, बाजाराला निघालात की पिशवी घ्यायला विसरू नका!