पायदळाचा रथ

बेळगावच्या कॅम्पातून पहाटे जाणाऱ्यास मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रंगरूट पाठीवर बोजा घेऊन धावताना दिसतात. हे दृश्य आमच्या वाचकांस नवे नाही. १९२२ पासून ह्या पलटणींचे शिक्षणकेंद्र येथे आहे, आणि निपाणी, चिकोडी, खानापूर तसेच पलीकडे कागल-शिरोळ ह्या टापूंतील कितीतरी घरांतील मुले येथूनच शिपाई होऊन बाहेर पडली. त्यामुळे पायदळ म्हणजे पायी चालणारे दळ, हे समीकरण आपल्या मनात घट्ट बसले आहे. 'लाइट' ह्या बिरुदाचा अर्थही हलक्या बोजाने झपाट्याने चालणारे पायदळ असाच होतो. परंतु गेल्या अर्धशतकात भारतीय पायदळाचा एक हिस्सा पट्ट्यांवर चालणाऱ्या पोलादी गाडीत बसून रणांगणावर जाऊ लागला आहे. त्या गाडीचा इतिहास म्हणजे तिच्यातील बसण्याच्या जागांचा इतिहास होय, असे आमचे मत आहे. ते कसे, हे येथे मांडतो.

ही गाडी कोणत्या अडचणीतून जन्मली हे पाहावयाचे तर आपल्याच पलटणीबरोबर इटलीत जावे लागेल. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर मराठ्यांच्या पहिल्या पलटणीने हल्ला केला. नदीच्या दोन्ही तीरांस उंच बांध, त्यांत शत्रूच्या मशीनगनी, आणि बांधालगत पेरलेले सुरुंग. नगर जिल्ह्याचे शिपाई नामदेव जाधव ह्यांनी दोघा जखमींना खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून व सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर वाहून आणले. मग परत फिरून तीन मशीनगनी बंद पाडल्या आणि बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांच्या नावाची गर्जना करीत उरलेल्यांस पुढे बोलाविले. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वेदगंगेचा पावसाळी पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांस गोळीबाराखाली नदी ओलांडणे म्हणजे काय, ह्याची थोडीफार कल्पना येईल.

त्याच मोहिमेत ब्रिटिशांच्या काही तुकड्या 'कांगारू' नावाच्या चिलखती गाड्यांतून पुढे सरकत होत्या. ही युक्ती ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीत कॅनडाच्या सैन्याने काढली होती. 'प्रीस्ट', म्हणजे पाद्री, नावाच्या स्वयंचलित तोफगाड्यांवरील तोफ उतरवून त्या पोकळीत शिपाई बसविले. अशा तोफहीन गाडीस सैनिक थट्टेने 'दीक्षा काढून घेतलेला पाद्री' म्हणत. पुजाऱ्यांच्या हक्कांचे दावे ज्यांनी पाहिले आहेत त्यांस ह्या थट्टेचे मर्म सांगावयास नको.

तथापि कांगारू हे केवळ वाहन होते. माणसे सुरक्षित न्यावीत, उतरवावीत आणि मागे फिरावे, एवढेच त्याचे काम. रशियनांनी पुढचे पाऊल टाकले. अणुयुद्धात दूषित झालेल्या भूमीवर शिपायाला खाली उतरताच आले नाही तर त्याने गाडीतूनच लढावे, ह्या विचाराने त्यांनी १९६६ मध्ये 'बीएमपी-१' ही गाडी सैन्यात घेतली आणि १९६७ च्या नोव्हेंबरात मॉस्कोच्या संचलनात जगास दाखविली. वजन सुमारे तेरा टन; ७३ मिलिमीटरची तोफ, वर रणगाडाभेदी क्षेपणास्त्र; चालविणारे तिघे व मागे आठ शिपाई, पाठीला पाठ लावून बसलेले, प्रत्येकाजवळ बंदूक बाहेर काढण्याचे छिद्र. ही गाडी पाण्यात उतरून पट्ट्यांच्याच जोरावर तरंगत पलीकडे जाते. सेनिओच्या काठी अशी गाडी असती तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पण युद्ध अणूचे झाले नाही. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात तिचे पातळ चिलखत उघडे पडले. पुढे अफगाणिस्तानात डोंगरमाथ्यावरून गोळ्या झाडणाऱ्यांपर्यंत तिची तोफ उंच होईना. शिवाय एकट्या तोफवाल्याचा बुरूज, आणि गाडीचा प्रमुख खाली चालकाच्या मागे बसलेला. त्याला चहूकडचे दिसत नसे. १९८० च्या सुमारास आलेल्या बीएमपी-२ मध्ये हे दोष सुधारले. प्रमुखाला वर तोफवाल्याशेजारी नेले आणि ३० मिलिमीटरची, जवळजवळ आकाशाकडे रोखता येणारी जलद तोफ बसविली. त्यासाठी बुरूज रुंद झाला, मागच्या दोन जागा गेल्या, चालकामागे एक मिळाली. आठांचे सात झाले. अफगाणिस्तानसाठी जाड चिलखताची एक आवृत्ती निघाली, तर तिचे तरंगणेच बंद झाले. तराजूचे एक पारडे उचलावे तर दुसरे खाली जाते, असा हा व्यवहार आहे.

आता भारताकडे वळू. १९७१ च्या युद्धात आपल्या काही पलटणींजवळ पूर्व युरोपातून घेतलेल्या टोपाझ व स्कॉट ह्या वाहक गाड्या होत्या. त्यानंतरच्या वर्षांत बीएमपी-१ आली, आणि २ एप्रिल १९७९ रोजी निरनिराळ्या रेजिमेंटांतील जुन्या पलटणी एकत्र करून मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंट उभी राहिली. तिच्यामागे जनरल सुंदरजी ह्यांची दृष्टी होती. तिचे केंद्र नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आहे; नामदेव जाधवांच्याच जिल्ह्यात. १९८७ पासून बीएमपी-२ तेलंगणातील मेदक कारखान्यात बनू लागली आणि तिचे नाव ठेवले 'सरथ'. आम्ही हा शब्द 'रथासहित' असा वाचतो. महाभारतात रथी निराळा आणि पदाती निराळा. येथे पदातीलाच रथ दिला आहे. त्याच वर्षी जाफन्यात आपल्या बीएमपी गेल्या, आणि जमिनीत पुरलेल्या स्फोटकांपुढे गाडीचा तळ किती दुबळा आहे हे तेथे कळले.

ह्या सांगाड्याला पुढे जे फाटे फुटले ते पाहून आम्हा वकिलांस जुन्या कायद्याची आठवण होते. मूळ कलम तेच, पण पोटकलमे व परंतुके वाढत जातात. उखळी तोफ वाहणारी गाडी झाली, जखमींसाठी रुग्णवाहिका झाली, अधिकाऱ्यांचे फिरते ठाणे झाले. नदीकाठची माती उकरून वाट करणारा, स्वतः तरंगणारा डोझर झाला. विषारी वायू व किरणोत्सर्ग हुंगत फिरणारी टेहळणीची गाडी नगरच्याच वाहन संशोधन संस्थेने घडविली. 'नामिका' ही नाग क्षेपणास्त्रे डागणारी. तिच्यावर सहा क्षेपणास्त्रे सज्ज असतात. आमच्या मते ह्या सर्वांत मोलाची रुग्णवाहिका, कारण सेनिओच्या पाण्यातून पाठीवर माणूस वाहून आणण्याचे काम तिने आपल्या अंगावर घेतले.

आता एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधतो. शिपाई ज्या दोन दारांनी मागून बाहेर पडतात ती दारे पोकळ असून त्यांत डिझेल भरलेले असते. गाडीची लांबी व वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशी काटकसर केली गेली. कागदावर ती चतुराईची वाटते. आपला मुलगा त्या दाराशी बसला आहे हे जाणणाऱ्या घराला ती तशी वाटणार नाही. लडाखच्या थंडीत व उंचीवरही हीच गाडी उभी राहिली, हे तिचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. परंतु तिच्या जागी दुसरी आणण्याची चर्चा वीस वर्षांच्या घरात चालली, 'अभय' नावाचा नमुना बनविला गेला तो नमुनाच राहिला, आणि २०२० च्या जूनमध्ये सरकारने सुमारे १०९४ कोटी रुपयांच्या १५६ गाड्या मागविल्या त्या पुन्हा बीएमपी-२ च्याच.

२०२१ मध्ये सेनेने नव्या लढाऊ गाडीसाठी कारखानदारांकडून माहिती मागविली. संख्या होती सुमारे १७५०. ह्या योजनेच्या अपेक्षांत चालविणारे तिघे आणि मागे पूर्ण सामानानिशी आठ शिपाई असा हिशेब धरलेला आहे. बुरूज रुंद करताना ज्याची जागा गेली होती, तो आठवा माणूस निदान कागदावर तरी गाडीत परत बसला आहे.