टकरच्या मोटारीचा जीर्णोद्धार



जीर्णोद्धार हा शब्द आपण मंदिरापुरताच ठेवला आहे. पण जुन्या मोटारी उभ्या करणारे लोक जे काम करतात त्याला मला दुसरा चांगला शब्द सापडत नाही. दुरुस्ती म्हणजे गाडी चालू करणे. हे लोक गाडी कारखान्यातून निघाली होती तशी परत करतात. फोर्डची जुनी मोटार असेल तर भाग मिळतात, माहितगार मिळतात. पण ज्या कंपनीने प्रयोगाची एक धरून एकूण ५१ गाड्या केल्या आणि दिवा मालवला, तिच्या गाडीचे काय?

ही कंपनी अमेरिकेतल्या प्रेस्टन टकरची. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा मोठ्या कंपन्या युद्धापूर्वीचेच नमुने परत विकत होत्या. टकरला पूर्ण नवी मोटार करायची होती. इंजिन मागे, पुढे मधोमध तिसरा दिवा आणि तो स्टिअरिंगबरोबर वळणारा. अपघातात माणसाला इजा होऊ नये म्हणून डॅशबोर्डला गादी आणि धक्का बसताच बाहेर निघून पडणारी समोरची काच. १९४७ सालचा हा विचार आहे, लक्षात घ्या.

शिकागोतला जो अवाढव्य कारखाना त्याने घेतला तिथे युद्धात क्रायस्लर कंपनीचा डॉज विभाग बी-२९ विमानांची इंजिने करत होता. त्याच क्रायस्लरशी करार करून आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी त्याच सुमारास कुर्ल्यात प्रीमियरचे काम सुरू केले. वालचंदांनी चालत असलेली गाडी घेऊन तिची जोडणी आधी शिकायची असे ठरवले. टकरला सगळे एकदम नवे हवे होते. वाण्याच्या घरातली म्हणून म्हणते, मला वालचंदांची वाट शहाणपणाची वाटते.

पैशाची गोष्ट तर मी बी.कॉम.च्या नजरेनेच वाचली. सावकाराच्या मुठीत जायचे नाही म्हणून टकरने एजन्सी देण्यापोटी विक्रेत्यांकडून आधीच रकमा घेतल्या. मग २ कोटी डॉलरचे शेअर विक्रीला काढले. तेही पुरेना, तेव्हा ज्यांना गाडी लवकर हवी त्यांनी रेडिओ, सीटची कव्हरे, सामानाच्या बॅगा आधी विकत घ्याव्यात, म्हणजे यादीत नंबर लागेल, अशी योजना काढली. गाडी अजून तयार नाही आणि तिची कव्हरे ग्राहकाच्या घरी! इथे सरकारी चौकशी लागली, वर्तमानपत्रांत आले आणि पैशाचा ओघ आटला. कारखाना बंद पडला तेव्हा मोजक्याच गाड्या पुऱ्या झाल्या होत्या. काही निष्ठावान कामगारांनी उरलेल्या जोडून ५० चा आकडा गाठला.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे अतिचार आहेत. त्यांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटे लिखाण आणि न्यासापहार म्हणजे दुसऱ्याची ठेव दाबणे. टकरवरचा खटला नेमका याच दोन गोष्टींचा होता, असे मला वाटते: कागदावर खोटे लिहिले का, लोकांची ठेव खाल्ली का? ऑक्टोबर १९४९ मध्ये खटला सुरू झाला आणि २२ जानेवारी १९५० रोजी ज्यूरीने त्याला सर्व आरोपांतून सोडले. माझ्या मते तो लुच्चा नव्हता, उतावळा होता. कंपनी मात्र संपलीच होती. १९५६ मध्ये तो कर्करोगाने गेला. हा खटला सुरू करणारे सरकारी वकील ओटो कर्नर पुढे इलिनॉय राज्याचे गव्हर्नर झाले आणि १९७३ मध्ये लाचखोरी नि टपालाद्वारे फसवणूक यांसाठी स्वतःच दोषी ठरले. टकरवरही टपालाद्वारे फसवणुकीचाच आरोप होता. यावर मी काही बोलत नाही, कर्मसिद्धांत तुम्हाला ठाऊक आहे.

आता जीर्णोद्धाराकडे येऊ. त्या ५१ पैकी ४७ गाड्या आजही आहेत. एवढ्या टिकल्या कशा?

पहिले कारण गमतीचे आहे. टकरला स्वतःचे मोठे इंजिन जमले नाही, म्हणून त्याने हेलिकॉप्टरसाठी असलेले फ्रँकलिन इंजिन घेतले. ते करणारी कंपनीच विकत घेतली आणि हवेने थंड होणारे इंजिन पाण्याने थंड होईल असे बदलून घेतले. ते ५.५ लिटरचे, १६६ अश्वशक्तीचे. टकर बुडाला तरी फ्रँकलिनची विमानइंजिने पुढे कित्येक वर्षे होत राहिली, म्हणून त्या यंत्राची जाण असलेले लोक राहिले. गिअरबॉक्स कॉर्ड नावाच्या, १९३७ मध्येच बंद झालेल्या मोटारीच्या रचनेवरचा. सुरुवातीला तर भंगारातून जुने कॉर्डचे गिअर शोधून आणून बसवले! म्हणजे टकरचा गिअर उघडणाऱ्याला आधी त्या दुसऱ्या मेलेल्या कंपनीचा अभ्यास करावा लागतो. स्प्रिंगांच्या जागी रबर आहे, ते वयाने कडक होते आणि चिरते. तसले रबर आयते मिळत नाही.

दुसरे कारण कागद. डेव्हिड कॅमॅक नावाच्या गृहस्थाने तीन टकर गाड्या तर जपल्याच, पण कंपनीचे हजारो मूळ आराखडे, इंजिने, सुटे भाग गोळा करून ठेवले. आज ते पेनसिल्व्हेनियात हर्शी इथल्या मोटार संग्रहालयात आहेत. एखाद्या भागाचे माप चुकते आहे अशी शंका आली की मूळ कागद बघता येतो. आपल्या शास्त्रभांडारांत लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या राहिल्या म्हणून पाठभेद तपासता येतात, तसेच हे.

मधल्या काळात असेही झाले की एका मालकाने मूळ यंत्र काढून टकाटक चालणारे दुसरे बसवले. त्याला गाडी सोयीची झाली असेल. पण जाणकार आज गाडी पाहतात तेव्हा आधी नंबर बघतात, इंजिन मूळ आहे का बघतात, रंगाचा जुना थर खरवडून कारखान्याचा रंग कोणता होता ते शोधतात. जास्त चकचकीत केलेली गाडी त्यांना खटकते. २०१२ मध्ये १०४३ क्रमांकाची टकर लिलावात २९ लाख डॉलरच्या वर गेली.

हे वाचताना मला आपल्या मंदिरांच्या बैठका आठवत होत्या. जीर्णोद्धार ठरला की आधी सागवानी खांब उतरतात, नक्षीची चौकट गोदामात जाते, मग मकराण्याचा संगमरवर आणि पितळी कठडे येतात. देणगीदाराच्या नावाची पाटी नवी लागते. जुना शिलालेख मात्र चुन्याखाली जातो किंवा पायरीला लागतो. सागवान खरेच किडले असेल तर बदलावेच लागेल, पाऊस गळत असेल तर छप्पर हवेच, त्यात वाद नाही. माझे म्हणणे इतकेच की कुदळ लावण्याआधी फोटो काढावेत, मापे घ्यावीत, शिलालेखाचा ठसा घ्यावा आणि ते सगळे एका फाइलमध्ये मंदिराच्या कपाटात ठेवावे. महिला मंडळाला हे काम दोन रविवारात जमते. मापाची टेप आपल्या शिवणाच्या डब्यात आहेच.