पाण्याखालचा तट

रिलीज एकदाचं पार पडलं आणि मॅनेजरने न मागता दोन दिवस सुट्टी दिली. असा योग वर्षातून एकदाच येतो, त्यामुळे त्याने विचार बदलायच्या आत घरी फोन करून जाहीर केलं, "मालवणला जातोय, सगळे." सगळे म्हणजे आई, बाबा, ताई, भाऊजी, सात वर्षांचा भाचा आणि मी. रात्री ठाण्याला कोकणकन्या पकडली, सकाळी कुडाळला उतरलो, तिथून जीपने मालवण. अकराच्या सुमारास आम्ही सहाजण केशरी लाइफ जॅकेटं घालून धक्क्यावर उभे. बेत साधा होता. आधी सिंधुदुर्ग किल्ला, मग किल्ल्याजवळच स्नॉर्केलिंग, संध्याकाळी सोलकढी आणि रात्रीच्या गाडीने परत.

तसं बघायला गेलं तर मुलुंडच्या माणसाला बेटाचं अप्रूप असायचं कारण नाही. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली ही सगळी उपनगरं साष्टी बेटावरच आहेत. पण आपण बेटावर राहतो हे ऐरोलीचा पूल ओलांडतानाही कोणाच्या लक्षात येत नाही. मालवणचं तसं नाही. तिथे किनाऱ्यावरून समोर बघितलं की पाण्यात उभा असलेला काळा तट दिसतो, आणि आजूबाजूला भरपूर समुद्र.

या बेटाचं नाव कुरटे. २५ नोव्हेंबर १६६४ ला किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा म्हणून जागा आहे तिथे पूजा करून शिवाजी महाराजांनी किल्ल्याचं काम सुरू केलं. त्याच वर्षी जानेवारीत सुरतेची स्वारी झाली होती, म्हणजे हाताशी पैसा होता. सिद्दीचा जंजिरा काही केल्या मिळत नव्हता, खाली गोव्यात पोर्तुगीज, आणि सगळ्या किनाऱ्यावर टोपीकरांची जहाजं. आरमार उभं राहत होतं, पण त्याला हक्काचं घर हवं होतं. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत, १६६७ पर्यंत किल्ला उभा राहिला. बेट साधारण ४८ एकरांचं, तटाची लांबी जवळपास तीन किलोमीटर. पायाच्या दगडांत शिसं ओतलं. मुख्य दरवाजा दोन बुरुजांच्या आड असा लपवला की होडी अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

आता एक गंमत बघा. कुरटे बेटावर काम सुरू झालं त्यानंतर तीनच महिन्यांनी, १८ फेब्रुवारी १६६५ ला, हम्फ्री कुक नावाच्या इंग्रजाने पोर्तुगीजांकडून मुंबईचा ताबा घेतला. दोन्ही बेटांचा नवा डाव जवळजवळ एकाच वेळी सुरू झाला. मुंबईने पुढे समुद्र बुजवून सात बेटांचं एक केलं. कुरटे बेट मात्र समुद्राला धरून राहिलं, कारण समुद्र हीच त्याची ताकद होती.

ही ताकद नेमकी काय, ते मला होडीत कळलं. धक्क्यापासून किल्ला म्हटलं तर हाकेच्या अंतरावर. पण होडीवाला सरळ जाईना. थोडा डावीकडे, मग उजवीकडे, मध्येच इंजिन हळू. भाऊजी म्हणाले, "हा काय सीनिक रूटने नेतोय का?" होडीवाल्याने हसून बोट दाखवलं. पाण्यात एका जागी उगाचच फेस येत होता. खाली खडप. मालवणीत पाण्यातल्या खडकांना खडप म्हणतात.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले बाबा बोलायला लागले. आजोबा गिरणीत कामाला म्हणून मुंबईला आले ते मालवणहून आगबोटीने. कोकण रेल्वेचा तेव्हा पत्ता नव्हता. बाबा लहानपणी मे महिन्यात गावी जायचे तेही बोटीनेच. "बोट कधी किनाऱ्याला लागायचीच नाही रे. लांब समुद्रात उभी राहायची. मग पडाव यायचे, आणि त्या हलणाऱ्या पडावात ट्रंकेसकट उतरायचं. आई मला नुसती फेकायची खालच्या माणसाकडे." का, तर हेच खडप. मालवणची खाडी दिसायला मोकळी, पण पाण्याखाली खडकांच्या रांगाच रांगा. वाट माहीत असलेला माणूस असेल तरच आत शिरायचं.

माझ्या डोक्यात एकदम ट्यूब पेटली. आपण किल्ल्याचा तट म्हणून जो बघतो तो दुसरा तट. पहिला तट पाण्याखाली आहे, आणि तो कोणी बांधलेला नाही. जागा निवडणाऱ्याने तो ओळखला, बस्स. आमच्या भाषेत सांगायचं तर अशी फायरवॉल, जिचं कुठेही डॉक्युमेंटेशन नाही आणि पासवर्ड फक्त स्थानिक कोळ्यांच्या डोक्यात. :-) वर विजयदुर्गला समुद्राच्या तळाशी खरोखरच बांधलेली सुमारे १२२ मीटर लांबीची भिंत सापडली आहे, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी पाण्यात उतरून ती तपासली. तिथे जे हाताने करावं लागलं ते मालवणला निसर्गाने आयतं दिलं होतं. मी हे सगळं जोरात येऊन भाच्याला सांगितलं, "ही महाराजांची पाण्यातली भिंत." त्यानेही फार गंभीरपणे मान डोलावली.

अर्थात खडप म्हणजे काही कवचकुंडलं नव्हेत. १७६५ साली मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांनी मुंबईहून आरमार आणून हा किल्ला घेतलाच, आणि नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस. पण सांभाळायचा खर्च परवडेना, तोडायला सोपा नाही, म्हणून पुढल्याच वर्षी पैसे घेऊन कोल्हापूरकरांना परत दिला. शेवटी १८१२ च्या तहात कोल्हापूरने मालवण इंग्रजांना दिलं तेव्हा तो कायमचा गेला. म्हणजे कुठलाही तट, पाण्यावरचा काय किंवा खालचा काय, त्याला सांभाळणारी माणसं असेपर्यंतच कामाचा.

किल्ला बघून झाला. शिवराजेश्वराच्या देवळात आईने नमस्कार केला, दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर बघून भाच्याने "ताकविहीर कुठे आहे?" विचारून घेतलं. चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी, हे आजही आश्चर्यच वाटतं. मग दुसऱ्या होडीत बसून किल्ल्याजवळच्या स्नॉर्केलिंगच्या जागेवर.

ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी: नाक बंद करणारा मास्क लावायचा, नळी दातात धरायची, तोंडाने श्वास घ्यायचा आणि डोकं पाण्यात घालायचं. पहिली दोन मिनिटं आपण मरणार याची खात्री असते. मग एकदम आवाज बंद होतो आणि फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो. खाली पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे, आणि खडपावर तपकिरी, पिवळट, मेंदूसारख्या वळ्या असलेले गोळे. टीव्हीवर दाखवतात तसे झगझगीत रंग नाहीत, पाणीही थोडं गढूळ. पण ते जिवंत होतं. प्रवाळ! मुंबईपासून एका रात्रीवर.

मी हातपाय मारत होतो ते बघून गाइड म्हणाला, "घाबरू नका, पाय टेका. खाली खडप आसा." मी टेकले. पायाखाली काहीतरी करकरलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला फक्त हायसं वाटलं. होडीवर चढलो तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, तू महाराजांच्या भिंतीवर उभा राहिलास?"

काय उत्तर देणार?

तिथून आल्यावर आधी वाचलं. ज्याला आपण दगड समजतो तो दगड नसतो. बारीक बारीक जीव एकत्र राहतात, समुद्रातला चुना घेऊन स्वतःचं घर बांधतात, जुन्या घरावर नवं घर. गोळ्यासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, काही तर त्याहून कमी. म्हणजे नारळाएवढा गोळा माझ्याहून फार लहान नसणार, आणि तो तोडायला माझा एक पाय पुरतो. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. १९८७ साली इथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, आणि त्याचा गाभा सिंधुदुर्गाच्या आजूबाजूलाच आहे. मच्छीमारांचा त्याला विरोध होता आणि त्यांची भीती समजण्यासारखी आहे, पोट त्याच पाण्यावर. त्यातल्याच अनेक घरांतली मुलं आता आपल्यासारख्यांना पाण्यात उतरवतात. तापलेल्या समुद्रामुळे इथले प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदीही शास्त्रज्ञांनी केल्या आहेत. वरून उष्णता आणि पायाखाली पर्यटक, असा दुहेरी मारा.

आणि मुंबई? आपल्याकडेही प्रवाळ आहेत! कोस्टल रोडच्या वाटेत हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर ते सापडले, आणि २०२० साली त्यांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. परवानगी लागली, शास्त्रज्ञ लागले. मालवणला मी तेच काम परवानगीशिवाय, एका टाचेत उरकून आलो होतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात सिंधुदुर्ग आहे. ऑफिसमध्ये पेढे वाटणारे आम्हीच होतो. तटाचा चिरा कोणी काढून नेला तर आपण रस्त्यावर उतरू, आणि उतरायलाच हवं. पण त्या चिऱ्यांच्या आधी जो तट शत्रूच्या जहाजाला लागायचा, त्यावर आपण चप्पल घालून उभे राहतो, होडीचा नांगर टाकतो आणि फोटो काढतो.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आहे, साधारण १७१५ च्या सुमाराचं. त्यात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं हे सांगताना बजावलंय, की आंबा-फणसाची लाकडंही उपयोगी खरी, पण त्यांना हात लावू नका. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोरांसारखी वाढवलेली असतात. आरमार एवढं महत्त्वाचं असताना हा विचार! "उपयोगी आहे" आणि "तोडलंच पाहिजे" यांच्यात फरक असतो, हे तीनशे वर्षांपूर्वी कारभाराच्या कागदावर लिहिलेलं आहे. प्रवाळाचा हिशोब यापेक्षा वेगळा नाही.

तुम्ही जाल तेव्हा (जाच, मे अखेरपासून पावसाळा संपेपर्यंत सोडून) चार गोष्टी करा. लाइफ जॅकेट घट्ट बांधा, म्हणजे पाय टेकायची गरज पडत नाही. माशांना पाव घालू नका. काही उचलून खिशात टाकू नका. आणि नांगर कुठे टाकणार हे होडीवाल्याला आधी विचारा. विचारलं की तो ऐकतो.

हे मी अनुभवावरून सांगतोय. माझ्यानंतर ताईचा नंबर होता. मी गाइडला म्हटलं, "भाऊ, हिला उभं नका करू, तरंगू दे." त्याने माझ्याकडे बघितलं, मग खांदे उडवले. "बरा. मगे ही ट्यूब धरा." ताई ट्यूब धरून वीस मिनिटं आरामात तरंगली, एकदाही पाय टेकला नाही, आणि माझ्यापेक्षा जास्त मासे बघून आली. ते ती अजून सांगते.